शिरीन नेशातची ती बाई नेमकी कुणाकडे बघतेय?

टिपकागद

नमस्कार मंडळी. मागे इराणी सिनेमाच्या धाग्यावर कुणीतरी शिरीन नेशात या इराणी कलावतीचं नाव काढलं होतं, पण गाडी किआरोस्तामीवरून माजिदीवर, तिथून ऑस्करवर गेली आणि हा विषय तसाच राहिला. म्हणून स्वतंत्र धागा. लांबलाय, चहा घेऊन बसा.

नाव माहीत नसलं तरी तो फोटो बऱ्याच जणांच्या डोळ्यांखालून गेलेला असतो. कृष्णधवल. काळी चादोर (डोक्यापासून पायांपर्यंतचं आवरण) पांघरलेली बाई, उघडा फक्त चेहरा. बंदुकीची नळी चेहऱ्याच्या बरोब्बर मधून वर गेलेली, एक डोळा नळीच्या अलीकडे, एक पलीकडे. आणि चेहराभर फारसी अक्षरांच्या ओळी. 'रिबेलियस सायलेन्स', १९९४. 'विमेन ऑफ अल्लाह' (१९९३-९७) या मालिकेतला हा फोटो. मालिकेतल्या बऱ्याच फोटोंत बाई म्हणजे खुद्द नेशातच. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात, समोर ती, आणि प्रिंट आली की शाईनं त्यावर लिहिणारीही तीच. अक्षरं कातडीवर नाहीत, फोटोच्या कागदावर आहेत. हे लक्षात आलं की जरा अस्वस्थ व्हायला होतं, कारण त्या ओळी त्या बाईनं स्वतःहून मिरवलेल्या नाहीत, तिच्यावर मागाहून चढवलेल्या आहेत.

पुष्कळ जण ती कुराणातली वचनं समजतात. त्या कविता आहेत, आणि त्याही बायकांच्याच. एक फोरूग फर्रोखजाद. सोळाव्या वर्षी लग्न, मग घटस्फोट, मुलाचा ताबा गेला, बाईच्या देहाबद्दल आणि इच्छेबद्दल उघड लिहिलं म्हणून शिव्या खाल्ल्या, १९६७मध्ये बत्तिसाव्या वर्षी मोटार अपघातात गेली. दुसरी ताहेरे सफ्फारजादे. श्रद्धाळू, १९७९च्या इस्लामी क्रांतीच्या बाजूची, पुढे कुराणाचा फारसी आणि इंग्रजी अनुवाद करणारी. 'ऑफर्ड आइज'मध्ये डोळ्याच्या पांढऱ्या भागात, बुबुळाभोवती, फोरूगची सुकत चाललेल्या बागेची कविता आहे. बंदुकीच्या फोटोवर मात्र सफ्फारजादे आहे. नेशातनं या दोघींना एकाच मालिकेत आणून बसवलं, आणि मला वाटतं ग्यानबाची मेख तिथंच आहे.

थोडी पार्श्वभूमी. जन्म १९५७, काझवीनचा. वडील डॉक्टर, घर पाश्चात्त्य वळणाचं. सतराव्या वर्षी शिकायला अमेरिकेत, पुढे बर्कलीला कलाशिक्षण. १९७९ला क्रांती झाली तेव्हा ही कॅलिफोर्नियात. मग इराकशी आठ वर्षांचं युद्ध. न्यूयॉर्कला जाऊन तेव्हाच्या नवऱ्याबरोबर 'स्टोअरफ्रंट फॉर आर्ट अँड आर्किटेक्चर' ही संस्था चालवली आणि जवळजवळ दहा वर्षं स्वतःचं असं काही केलंच नाही. १९९०मध्ये घरी गेली, तर शहाच्या, म्हणजे क्रांतीआधीच्या राजाच्या काळात मागे ठेवलेला देश औषधालाही शिल्लक नव्हता. ही मालिका त्या धक्क्यातून आली. १९९६ची फेरी शेवटची. त्यानंतर ती इराणला गेलेली नाही.

माझं म्हणणं असं की ही चित्रं इराणमधल्या बाईची म्हणून बघितली तर फसतात. इराणमध्ये जे घडलं त्याला हजर नसलेल्या बाईची म्हणून बघितली तर बोलायला लागतात. शहीद व्हायला निघालेली ती बंदूकवाली नेशातला भयंकरही वाटते आणि तिच्या ठामपणाचा हेवाही वाटतो. म्हणून ती तिचे कपडे घालून, तिची बंदूक घेऊन स्वतः उभी राहते. नुसता निषेध करायचा असता तर यापेक्षा सोपे मार्ग होते.

आता वांधा काय, तर न्यूयॉर्कच्या गॅलरीत आलेल्या माणसाला यातलं कितपत पोचतं? लिपी वाचता येत नाही, मग ती नक्षी होते. चादोर, बंदूक, नक्षी. झाली 'मुस्लिम बाई' तयार.

१९९८च्या 'टर्ब्युलंट' या व्हिडिओकृतीत ती यातून सुटली असं मला वाटतं. समोरासमोर दोन पडदे. एकावर पांढऱ्या शर्टातला गायक, मागे पुरुषांनी भरलेलं सभागृह. तो त्यांच्याकडे पाठ करून, आपल्याकडे तोंड करून सूफी कवी रूमीची रचना गातो. दुसऱ्या पडद्यावर चादोरमधली बाई, आपल्याकडे पाठ, तिच्यासमोर रिकाम्या खुर्च्या. त्याचं गाणं संपतं, टाळ्या पडतात. मग ती सुरू करते. शब्दच नाहीत. हुंकार, श्वास, किंकाळी, आणि कॅमेरा तिच्याभोवती फिरायला लागतो. समोरच्या पडद्यावरचा तो गायक आणि त्याचा सगळा श्रोतृवर्ग जागच्या जागी थिजून बघत राहतो. आपण दोन्हींच्या मध्ये उभे. एकीकडे बघायचं तर दुसरीकडे पाठ करावी लागते. व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात १९९९ला तिला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्यात याचा मोठा वाटा.

तर, पाश्चात्त्यांना हवं ते इराण ही बाई विकते का? मनमोकळं लिहा.

गोदाकाठ

पैला नंबर! सविस्तर वाचून मग लिहिते.

खवचट_काका

टिपकागद, लेख झकास, पण बाईंना तुम्ही फारच सांभाळून घेताय.

न्यूयॉर्कमध्ये राहायचं, न्यूयॉर्कमध्ये विकायचं आणि गिऱ्हाइकाला वाचता येणार नाही अशा लिपीत लिहायचं. का? तर म्हणे खोली येते. फोरूग एवढी थोर कवयित्री, तिची कविता नक्षी म्हणून वापरायची? भिंतीवर शेजारी भाषांतर लावलं तर काय बिघडलं असतं? बिघडलं असतं ते एवढंच, की गूढपणा गेला असता आणि त्याबरोबर भावही.

बंदूकवाल्या बाईचा हेवा वगैरे तुमचं वाचन आहे, चांगलं आहे. पण २००१नंतर तोच फोटो अमेरिकेत बघणाऱ्याला हेवा दिसला असेल? (हलके घ्या. पण पूर्ण हलके नको.)

टिपकागद

@खवचट_काका, भाषांतर हवं हे मान्य. पण लिपी न कळणं हा दोष फक्त बघणाऱ्याच्या बाजूनं का मोजायचा? परस्तू फोरूहर म्हणून दुसरी इराणी कलावती आहे, जर्मनीत असते. ती गॅलरीची पांढरी खोली घेते आणि भिंती, जमीन, कोपरे फारसी अक्षरांनी भरून टाकते. सलग अर्थ लागूच नये असे तुकडे. तिथं परक्याला 'मला कळत नाही' हेच अनुभवायला लावलंय. नेशातमध्ये हे थोडं तरी आहे.

आणि फोरूहरचं घरचं प्रकरण माहीत असेल. तिचे आईवडील दारियुश आणि परवाने, दोघेही विरोधी राजकारणातले, नोव्हेंबर १९९८मध्ये तेहरानच्या राहत्या घरात भोसकून मारले गेले. ती त्यानंतरही वर्षानुवर्षं स्मृतिदिनाला तिकडे जात राहिली. म्हणजे परदेशी राहणं हेही सगळ्यांचं एकाच जातीचं नसतं.

सांजपावली

मी पुण्यात एम.ए.ला असताना आमच्या वर्गात एक इराणी मुलगी होती. पुण्यात तेव्हा इराणी विद्यार्थी बरेच असायचे. तिला मी हौसेनं हे फोटो दाखवले. ती हसली. म्हणाली, ही माझ्या आईच्या पिढीची भीती आहे. मी बंदूक धरलेली नाही, माझ्या ओळखीत कुणी धरलेली नाही. माझा रोजचा झगडा म्हणजे ओढणी किती मागे सरकली की गस्तवाले थांबवतात हा.

तिनंच मला शादी गदीरियनचं काम दाखवलं. तेहरानमध्ये राहून काम करणारी फोटोग्राफर. लग्नात आहेर म्हणून भांडीकुंडी आली, त्यावरून तिनं 'लाइक एव्हरी डे' (२०००-०१) ही मालिका केली. फुलाफुलांच्या चादोरी, आणि आत चेहऱ्याच्या जागी इस्त्री, किसणी, चाळणी, रबरी हातमोजा. बास. बंदूक नाही, हौतात्म्य नाही. मी ते बघून आधी खो खो हसले आणि मग माझ्या स्वतःच्या आहेराची यादी आठवली. त्याआधीच्या तिच्या 'काजार' मालिकेत तर शंभर वर्षांपूर्वीच्या पोशाखातल्या बाया आहेत आणि हातात पेप्सीचा कॅन, नाहीतर खांद्यावर टेपरेकॉर्डर!

देशात राहणाऱ्या बाईला विनोद करावा लागतो, सेन्सॉर समोर बसलेला असतो ना. बाहेरच्या बाईला गंभीर राहणं परवडतं. मला गदीरियन जास्त जवळची वाटते.

खवचट_काका

@सांजपावली, +१००. किसणीला जगात कुठेही भाषांतर लागत नाही.

बुद्धिबळ्या

आपल्याकडे कर्नाटकात हिजाबसाठी आंदोलन आणि तिकडे इराणमध्ये हिजाब जाळतायत. यावर पुरोगामी मंडळी काय म्हणतात ऐकायला आवडेल.

नीरक्षीर

@बुद्धिबळ्या, धाग्याचा विषय तो नाही, पण इराणपुरतं उत्तर देतो, कारण ते नेशात समजायलाही उपयोगी आहे.

८ जानेवारी १९३६ला रेझाशहानं चादोरवर बंदी घातली. पोलीस भर रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं ओढून काढत. कित्येक जणींनी घराबाहेर पडणंच सोडलं. पुढं १९७०च्या दशकात त्याच्या मुलाविरुद्ध, म्हणजे मोहम्मद रेझाशहाविरुद्ध वातावरण तापलं तेव्हा कॉलेजातल्या मुली मुद्दाम चादोर घेऊन मोर्च्यात जायला लागल्या. त्यांच्यासाठी तो निषेध होता. ७ मार्च १९७९ला क्रांतीचे नेते खोमेनींनी कचेऱ्यांत काम करणाऱ्या बायकांनी डोकं झाकावं असं फर्मावलं, आणि दुसऱ्याच दिवशी, महिला दिनी, तेहरानच्या रस्त्यांवर हजारो बायका उतरल्या. हेंगामे गोलेस्ताननं त्या दिवशी काढलेले फोटो आहेत, जरूर बघा. बर्फ पडतंय, डोकी उघडी, हात वर. यातल्या काही जणी आधीच्या वर्षी शहाविरुद्धच्या मोर्च्यातही असणार. १९८३पासून तर न पाळणाऱ्यांना फटक्यांची शिक्षा कायद्यात आली.

म्हणजे कापड एकच आणि दोन्ही वेळा ठरवणारे सरकार. नेशातच्या फोटोत चादोर बंधन आहे की शस्त्र हे ठरत नाही अशी तक्रार होते. अहो, ठरणार कसं? तिच्या आजीच्या वयाच्या बायकांच्या अंगावरून पोलिसांनी ती ओढून काढली आणि तिच्या भाच्यांच्या अंगावर पोलिसांनीच ती चढवली.

बुद्धिबळ्या

कर्नाटकाचं उत्तर मिळालं नाही.

संपादक मंडळ

कर्नाटकावर स्वतंत्र धागे आहेत, कृपया तिकडे लिहावे. इथले विषयांतराचे पुढील प्रतिसाद उडवले जातील.

षड्ज

मी चित्रातला नाही, गाण्यातला आहे, म्हणून फक्त 'टर्ब्युलंट'वर.

पडद्यावर ओठ हलवणारा शोजा अझारी आहे, गळा शहराम नाझेरींचा. अस्सल घराणेदार गायकी, वर रूमी. दुसरीकडे सुसान देय्हीम, हिची रचनाही स्वतःची. समीक्षक हटकून लिहितात की बाईला भाषाच नाकारली म्हणून ती शब्दांशिवाय गाते. मला उलटं ऐकू येतं. परंपरेतले शब्द, चाल, श्रोते, टाळ्या, सगळं त्याच्या नावावर लिहिलेलं आहे. त्यामुळे तो अप्रतिम गातो, पण ठरलेलं गातो. तिला काहीच दिलेलं नाही, त्यामुळे ती कुठेही जाऊ शकते. श्वास आत घेतानाचा आवाजसुद्धा ती गाण्यात घेते. तालमीत आम्हाला जे लपवायला शिकवतात, ते ही पुढे आणून ठेवते!

इराणात १९७९पासून बाईला पुरुषांसमोर एकटीनं गायला बंदी. समूहगानात चालतं, फक्त बायकांच्या मैफलीत चालतं. हे सगळं मुळापासून असंच होतं असंही नाही. कमर-उल-मुलूक वझीरी १९२४मध्ये तेहरानच्या ग्रँड हॉटेलात उघड्या चेहऱ्यानं गायली होती. आणि गूगूश, जी शहाच्या काळात घराघरांत होती, ती क्रांतीनंतर देशातच राहिली आणि वीसेक वर्षं गप्प बसली. २०००मध्ये बाहेर पडून टोरंटोत गायली तेव्हा लोक ढसाढसा रडले.

आता खरी गोष्ट. डिसेंबर २०२४मध्ये परस्तू अहमदी नावाच्या गायिकेनं एका जुन्या कारवान सराईच्या अंगणात मैफल केली. केस मोकळे, उघडे खांदे, साथीला चार पुरुष वादक आणि समोर श्रोता एकही नाही. यूट्यूबवर थेट दाखवली. लाखो लोकांनी पाहिली, मग तिला अटक, मग सुटका. रिकाम्या जागेसमोर गाणारी बाई नेशातनं २६ वर्षं आधी दाखवली होती, तेव्हा ते रूपक वाटलं होतं. अहमदीनं ते कामाला लावलं.

सांजपावली

@षड्ज, काटा आला वाचताना. पण बघा, अहमदी देशात होती. माझा मुद्दा तोच.

दर्याकिनारी

मस्कतहून वाचतेय, उशीर झाला. देश सोडलेला कलावंत म्हटलं की आपल्याला हुसेनच आठवणार. पंढरपूरचा माणूस, २००६ला देश सुटला, २०१०मध्ये कतारचं नागरिकत्व, २०११ला लंडनला गेले. इथं आखातात त्यांचं नाव निघालं की लोक हळहळतात. नेशातचं दुःख आणि हुसेनचं दुःख एकाच जातीचं नाही का?

नीरक्षीर

@दर्याकिनारी, मला नाही वाटत. हुसेन नव्वदीत बाहेर पडले. त्यांचे घोडे, माता, सिनेमाची पोस्टरं, सगळं इथं रंगवून झालेलं होतं. देश गेला तरी चित्र हाती होतं. नेशात गेली तेव्हा शाळकरी मुलगी होती, हातात काही नव्हतं. तिची कला दुरावल्यामुळेच जन्माला आली. तिला तिचा देश परत मिळाला तर ती काय करेल हा जरा क्रूर प्रश्न आहे, पण विचारण्यासारखा आहे.

दर्याकिनारी

क्रूर आहे खरा. आणि बाहेर राहणाऱ्या कुणालाही विचारता येईल असा. आम्हाला गणपतीचे फोटो काढून पाठवणाऱ्यांनी तर विचारूच नये. :)

गोदाकाठ

आले परत. मी फक्त तिचा सिनेमा पाहिलाय, 'विमेन विदाउट मेन' (२००९), व्हेनिसच्या महोत्सवात तिला दिग्दर्शनाचा रौप्य सिंह मिळाला तो. खरं सांगू? फ्रेम अशा की भिंतीवर टांगाव्यात, पण माणसं मधूनमधून फ्रेमसाठी उभी केल्यासारखी वाटतात. फोटोग्राफरचा सिनेमा. मोरोक्कोत उभं केलेलं तेहरान आहे, तेही थोडं जाणवतं.

तरी दोन गोष्टी डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे जरीन. वेश्यागृहातून पळालेली ही बाई हमामात स्वतःला इतकं घासते की कातडी सोलून रक्त येतं. सगळं सांगून झालं, संवाद एक नाही. (संवेदनशील मंडळींनी जपून बघा.) दुसरं म्हणजे काळ. १९५३चा ऑगस्ट. पंतप्रधान मोसद्देघ यांनी तेल राष्ट्रीय मालकीचं केलेलं, आणि अमेरिका-ब्रिटननं मिळून त्यांचं सरकार उलथवलं. काका म्हणतात ना ती पाश्चात्त्यांना हवं ते विकते? इथं तर ती त्यांच्याच दारात जाऊन सांगतेय की आमची लोकशाही तुम्ही मोडलीत. मौलवी यायच्या पंचवीस वर्षं आधी.

मूळ कादंबरी शहरनूश पार्सीपूर यांची. त्यासाठी त्यांना तुरुंगात जावं लागलं, पुस्तकावर बंदी आली, आता अमेरिकेत असतात. सिनेमात वेश्यागृहाची मालकीण झाल्यात त्या. स्वतःच्या बंदी घातलेल्या कादंबरीत अशी भूमिका करणारी लेखिका मला फार आवडली.

खवचट_काका

मोसद्देघचा मुद्दा बिनतोड, गोदाकाठ. तेवढ्यापुरतं शस्त्र खाली ठेवतो.

पण 'द फ्युरी' या तिच्या व्हिडिओचं काय? २०२३ला न्यूयॉर्कला लावलं. राजकैदी बाईवर झालेला अत्याचार, ब्रुकलिनच्या रस्त्यावर नाच, आणि सोबत नग्न देहांच्या फोटोंवर पुन्हा फोरूग. तीस वर्षांनी तीच शाई, तीच कवयित्री. आणि त्याआधी ऑक्टोबर २०२२मध्ये, हिजाबवरून पोलिसांनी पकडलेल्या महसा अमिनीच्या मृत्यूनंतर, लंडनच्या पिकॅडिलीच्या झगमगत्या पडद्यावर हिची चित्रं. आंदोलन तिकडच्या पोरींचं, चेहरा हिचा.

टिपकागद

काका, तारखा बघा. 'द फ्युरी'चं चित्रीकरण जून २०२२चं. महसा झीना अमिनी १६ सप्टेंबरला गेली. म्हणजे लाटेवर स्वार होण्याचा आरोप टिकत नाही. तुरुंगातल्या बायकांची गोष्ट ती आधीच सांगत होती, जग नंतर वळलं. पिकॅडिलीचं म्हणाल तर त्या दिवसांत तेहरानमधल्या फोटोग्राफरला नावानिशी तिथं येता आलं असतं का? इराणात पत्रकार मुली आत होत्या. ज्यांना तोंड उघडता येतं त्यांनी उघडावं, इतकं तरी बाहेरच्यांकडून मागावं की नको?

तीच शाई तीच कवयित्री हे मात्र खरं आहे. मलाही ते फोटो थकलेले वाटले. व्हिडिओ नाही वाटला. तिचं बळ चालत्या चित्रात आहे आणि बाजार मात्र तिच्याकडे लिहिलेले फोटोच मागतो, असा माझा संशय आहे.

सांजपावली

त्या मैत्रिणीला काल हा धागा वाचून दाखवला, फोनवर, तोडक्यामोडक्या इंग्रजीत भाषांतर करत. ती आता कॅनडात असते. म्हणाली, २०२२च्या हिवाळ्यात मीही टोरंटोत मोर्च्यात चालले, आणि पुढच्या बाईच्या हातात फलकावर नेशातचा फोटो होता. मला तेव्हाही तो माझा वाटला नाही. पण फलक धरून हात दुखले म्हणून तिनं मागितली तशी मदत केली, धरला थोडा वेळ.

खवचट_काका

हे मात्र कुठल्याही समीक्षेपेक्षा भारी आहे. तरी भाषांतराचा कागद भिंतीवर लागलाच पाहिजे, ही माझी मागणी कायम.

मधली_सुट्टी

अप्रतिम चर्चा! 'टर्ब्युलंट' ऑनलाइन कुठे बघायला मिळेल का? लिंक द्या ना कुणीतरी.

षड्ज

@मधली_सुट्टी, तुकडे सापडतात, पण त्यात दोन्ही पडदे शेजारी शेजारी चिकटवलेले असतात. मान वळवायला लागत नाही, मग मजा निम्मी. नाझेरी आणि देय्हीम दोघांना आधी नुसतं कानानं ऐका, हेडफोन लावून. आणि अहमदीची मैफल संपूर्ण बघा. अर्ध्या तासाच्या आसपास आहे.